आईच्या पाठीवरचा तीळ बदललाय, दाखवायला हवं का?

प्रश्न: आईच्या पाठीवर लहानपणापासून तीळ आहे पण गेल्या तीन-चार महिन्यांत तो मोठा झालाय, एका बाजूची कड कागदावर शाई पसरावी तशी पसरलीय आणि मधे लालसर दिसतं. दुखत नाही म्हणून ती टाळतेय. काय करू?

उत्तर: याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही यावर अजिबात जाऊ नका, मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. वेडीवाकडी कड, एकाच तिळात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आकार हे सगळं डॉक्टर बघतातच, पण तीळ बदलतोय हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आज स्केल शेजारी धरून फोटो काढून ठेवा.

उत्तर: आणि प्लीज लेझरने जाळून घेऊ नका, दोरा बांधू नका. काढला तर तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे. माझा मस नुसता कॉलरला घासायचा म्हणून काढला, जागा बधिर करून दोन टाके, तरी तपासायला पाठवलाच.

उत्तर: तळपाय आणि नखंही बघा हं, सावळ्या त्वचेत हा कॅन्सर बऱ्याचदा तिथेच निघतो, नखातली काळी रेघ रुंद होत असेल तर तीही दाखवा.

प्रश्नकर्ती: उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली, आई तयार झाली.