विकिपीडियावरील उत्पात ओळखण्याचे प्रशिक्षण कसे द्यावे?

प्रश्न (निपाणी): आमच्या वाचनालयातील काही विद्यार्थी मराठी विकिपीडियावर सीमाभागातील गावांची पाने सांभाळू इच्छितात. ‘अलीकडील बदल’ (नुकत्याच झालेल्या संपादनांची यादी) पाहून उत्पात, म्हणजे पानांची मुद्दाम केलेली नासधूस, ओळखणे आणि हाताळणे त्यांना कोणत्या क्रमाने शिकवावे?

उत्तर (खानापूर): प्रथम दोन आवृत्त्यांमधील फरक वाचायला शिकवावा. परिच्छेद पुसणे, शिवीगाळ घालणे हे कोणालाही दिसते. परंतु लोकसंख्येतील एखादा अंक किंवा कोणाचे जन्मवर्ष संदर्भाविना गुपचूप बदलले गेले, तर ते दीर्घकाळ तसेच राहू शकते आणि इतरत्र उतरवले जाते, म्हणून माझ्या मते बहुतांश वेळ अशाच बदलांच्या सरावासाठी द्यावा. बदल उलटवण्यापूर्वी, म्हणजे रद्द करून आधीचा मजकूर परत आणण्यापूर्वी, पानाचा इतिहास अवश्य पाहावा, कारण एकाच सदस्याने लागोपाठ अनेक बदल केले असल्यास केवळ शेवटचा उलटवून उपयोग होत नाही.

उत्तर (बेळगाव): आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्यामुळे कोणी ‘बेळगाव’ऐवजी ते लिहिले किंवा त्याच्या उलट केले, तर तो मतभेद आहे, उत्पात नव्हे. असा विषय चर्चा पानावर न्यावा. नवख्याच्या चुकीलाही उत्पात म्हणू नये. त्याला धूळपाटी, म्हणजे संपादनाच्या सरावाचे पान, दाखवावी.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. सूचना देऊनही कोणी थांबले नाही तर?

उत्तर (खानापूर): वाद न घालता फरकांचे दुवे देऊन प्रचालकांना कळवावे, सदस्याला प्रतिबंधित करण्याचा आणि पान सुरक्षित करण्याचा अधिकार त्यांना असतो.