गळाला लागलेला सीलाकँथ जिवंत परत कसा सोडायचा?

खडपे: आफ्रिकेजवळच्या कोमोरोस बेटांवर तेलमाशासाठी रात्री खोल सोडलेल्या गळाला कधीतरी सीलाकँथ, हा प्राचीन वंशाचा खोल पाण्यातला मासा, लागतो. वर येतो जिवंत, पण काही तासांत मरतो. दाब कमी झाल्यामुळे का? आणि नुसता पाण्यात सोडला तरी वाचत का नाही?

कल्लेवाला: दाबाचा दोष नाही. इतर खोल पाण्यातल्या माशांचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुगतो, पोट तोंडातून बाहेर येते. सीलाकँथच्या त्या अवयवात वायू नसतो, चरबी असते. त्याला मारते ते गरम पाणी. दिवसा तो साधारण 150 ते 250 मीटरवरच्या लाव्हाच्या गुहांत, 20 अंशांच्या आसपास राहतो. कल्ले लहान, आणि रक्त प्राणवायू उत्तम धरते ते 15 अंशांना. वरचे पाणी 25च्या पुढे. त्यात गळाशी झुंजून दमलेला असतो. नुसता सोडला तर खाली जाण्याइतकी ताकदच उरत नाही.

गळदोरी: म्हणूनच त्याला वजनाने खाली न्यायचे. मोठ्या गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा कानशीने घासून काढा. गळाच्या दांड्याला जड वजन बांधा, दोरी मात्र वाकाला (गळ वळतो तिथे), म्हणजे टोक खालच्या बाजूला राहते. ते टोक खालच्या जबड्यात अडकवून सोडा, मासा डोके खाली करून झपाट्याने जातो. दोरी सैल पडली की तळ आला. एक हिसका द्या, बिनकाट्याचा गळ निसटतो. मासा होडीत घेऊ नका, वजनकाटा तर नकोच. फार तर पाण्यातच कुशीचा एक फोटो घ्या, पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते.

खोलपाणी: हे गळापुरते ठीक. टांझानियात 2003पासून सीलाकँथ सापडू लागले ते शार्कसाठी खोलवर लावलेल्या मोठ्या आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांत. रात्रभर अडकलेला मासा सकाळी मेलेलाच निघतो, सोडणार काय? खवल्यांवरची वलये मोजून 2021 साली जो अंदाज आला, त्यानुसार मासा वयात यायला सुमारे 55 वर्षे आणि गर्भ वाढायला सुमारे 5 वर्षे लागतात. 1991मध्ये मोझांबिकजवळ ट्रॉलरच्या जाळ्यात आलेल्या एका मादीच्या पोटात 26 पिल्ले होती. एक मादी गेली की एवढे जाते. टांझानियातल्या टांगा इथे सीलाकँथसाठी सागरी उद्यान झाले आहे, पण गुहांसमोरच्या उतारावरून ही जाळी हटवणे हेच पहिले काम.

खडपे: वजन दांड्याला आणि दोरी वाकाला, हे मी नेमके उलटे समजत होतो. म्हणजे दोरी दांड्याला बांधली तर हिसक्याने गळ जबड्यात आणखी रुतेल.

गळदोरी: बरोबर.