नोड दिसतोय, पण टीपीएम० तयार होत नाही (एसएलबी९६७०, एरर -११०)

कुपवाडचा_गेटवे:
ऊस वजनकाट्याचा गेटवे आहे. रास्पबेरी पायचं सीएम४ मॉड्यूल, आमचा कॅरिअर बोर्ड, एसपीआय० बसवर इन्फिनिऑनची एसएलबी९६७० ही टीपीएम (सुरक्षा) चिप. पावतीवर सही करणारी की (गुप्त किल्ली) चिपबाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी टीपीएम. ओव्हरले (डिव्हाइस ट्री, म्हणजे कर्नलला दिलेली हार्डवेअरची यादी, तिला जोडायची फाइल) चढतो, त्या ट्रीत चिपचा नोड दिसतो, पण बूट लॉगमध्ये एसपीआय०.१ चा प्रोब (ड्रायव्हरनं चिप शोधणं) -११० देऊन पडतो. रेग १, फ्रिक्वेन्सी ३२ मेगाहर्ट्झ, इंटरप्टची पिन जोडलेली नाही. चिप गेली समजायची का?

तासगाव_कर्नल:
एवढ्यात चिप उपसू नका दादा. -११० म्हणजे टाइमआउट. ड्रायव्हर आधी ४ बाइटचं हेडर पाठवतो आणि शेवटच्या बाइटचा खालचा बिट बघतो. तो ० आला तर 'चिप थांबा म्हणतेय' असं धरून एकेक बाइट वाचत राहतो, ५० वेळा. मग सोडून देतो. आता रास्पबेरी पायवर एमआयएसओ (चिपकडून येणारी डेटा लाइन) म्हणजे जीपीआयओ ९, आणि त्याला बूटपासूनच पुल-डाउन असतो. ती लाइन कुणीच चालवत नसेल तरी ० च वाचला जाणार. म्हणजे चिप एक तर सिलेक्ट होत नाहीये, नाहीतर रीसेटमध्ये अडकलीय.

रेग १ हा काही पत्ता नाही, तो चिप सिलेक्टचा नंबर: सीई१, जीपीआयओ ७. स्कीमॅटिकमध्ये सीएस (चिप सिलेक्टची लाइन) खरंच ७ वर आहे की ८ वर ते बघा. ८ वर असेल तर रेग ० करा, नोडचं नावही टीपीएम@० करा आणि त्याच सिलेक्टवरचा स्पायडेव्ह नोड डिसेबल करा, नाहीतर 'चिपसिलेक्ट आधीच वापरात' म्हणून वेगळंच रडगाणं सुरू होईल. नोडच्या कम्पॅटिबल प्रॉपर्टीत आधी इन्फिनिऑनचं नाव, मागून टीसीजीचं (टीपीएमचं मानक ठरवणारी संस्था) सर्वसाधारण. इंटरप्ट जोडलेला नसेल तर ती प्रॉपर्टी लिहूच नका, पोलिंगवर (चिपला पुन्हापुन्हा विचारून) चालतं. तपासताना फ्रिक्वेन्सी १ मेगाहर्ट्झवर आणा. चिप ४३ पर्यंत झेपते, पण लांब ट्रॅकचं सांगता येत नाही.

कुपवाडचा_गेटवे:
सीएस ८ वरच निघाला. टीपीएम० आलं. आता दोन शंका: 'सेल्फ टेस्ट करताना टीपीएम एरर २५६' दिसतो, आणि आयएमए (फाइलींची मापं घेऊन टीपीएममध्ये नोंदवणारा कर्नलचा भाग) म्हणतं टीपीएम सापडला नाही, बायपास चालू. चिपची रीसेट पिन सध्या पुल-अपवर आहे, पुढच्या बोर्डात जीपीआयओवर घेऊ का?

अजिंक्यतारा_६४:
२५६ कडे दुर्लक्ष करा. पायचं फर्मवेअर टीपीएमला स्टार्टअप कमांड देत नाही, म्हणून पहिली सेल्फ टेस्ट नापास होते. कर्नल मग ती कमांड स्वतः देतो, लगेच खालच्या ओळीत दिसेल.

आयएमए बूटच्या शेवटच्या इनिटकॉलला एकदाच टीपीएम शोधतं, नंतर फिरकत नाही. टीपीएम कोअर, टीआयएस एसपीआय आणि बीसीएम२८३५ चा एसपीआय ड्रायव्हर तिन्ही मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बिल्ट-इन करा. तरीही क्लॉक उशिरा मिळाल्यामुळे प्रोब पुढे ढकलला गेला तर तेच होईल, तेव्हा लॉगमधला क्रम बघा. ओव्हरले कॉन्फिग फाइलमधूनच चढवा, बूट झाल्यावर नको.

रीसेट जीपीआयओवर मुळीच नको. ज्याला रूट मिळालं तो होस्ट चालू ठेवून नुसती चिप रीसेट करेल, पीसीआर (मापं साठवणारी चिपमधली रजिस्टर) शून्यावर आणेल आणि हवी ती मापं पुन्हा भरेल. मग चिप बसवलीच कशाला? ती लाइन बोर्डाच्या मुख्य रीसेटलाच बांधा.