गावभाग की विश्रामबाग? तळमजल्याचं काय करू?

सांगलीची सून: दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून कायमचे सांगलीला येतोय. सासूबाईंना गणपती मंदिरात रोज पायी जायचंय, म्हणून नदीकाठचा जुना गावभाग. तिथं जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट मिळतोय. तेवढ्याच पैशात विश्रामबागला एकच बेडरूम, तीही चौथ्या मजल्यावर. एजंट म्हणतो, "पुराचं पाणी पायरीपर्यंतच आलेलं." पण जिन्यातले लाईटचे मीटर हात वर करून लागतील एवढ्या उंचीवर नेलेत आणि जुन्या पेटीची चौकट खाली भिंतीत तशीच आहे. ते बघितल्यापासून मन लागत नाही.

कृष्णाकाठ: ताई, तुम्ही बरोबर तेच बघितलंत. माझा जन्म गावभागातला. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर आमच्या माडीवरून बघितले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर घरात घोटाभर गाळ, आणि भिंतींना पुढं दोन वर्षं पोपडे. तरी मी गावभाग सोडणार नाही. मंडई, शाळा, माणसं, सगळं हाकेच्या अंतरावर आहे. पण तळमजला नको, पहिला मजला बघा. आणि एजंटला कशाला विचारता? समोरच्या किराणावाल्याला विचारा, २०१९ ला माल कुठल्या फळीवर चढवलेला.

सातबारा: महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नवं बांधकाम होत नाही, म्हणजे जुनी इमारत उद्या पाडून बांधायची म्हटली तर अडचण. खरेदी तुमच्या नावावर करा, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

विश्रामबागकर: आमच्या गल्लीत २०१९ ला पाणी नव्हतं, उलट गावभागातले पाहुणे आठवडाभर आमच्याकडं होते. पण लिफ्टला जनरेटर आहे का ते आधी विचारा. लाईट गेली की चौथा मजला म्हाताऱ्या माणसाला कोंडवाडाच. शक्यतो एक पावसाळा भाड्यानं काढा.

सांगलीची सून: काल किराणावाल्याकडं जाऊन आले. म्हणाले, "फळी कसली वहिनी, शटरच्या वर पाणी होतं." तो फ्लॅट सोडला. सासूबाईंना सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "संकष्टीला तरी रिक्षानं नेशील ना?" विश्रामबागला पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर कुणाच्या बघण्यात असेल तर कळवा.