वीस व्हॉल्व्हच्या टर्बो इंजिनाचे झिजलेले गाईड : लायनर बसवावेत की गाईडच बदलावेत?

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात राहतो आणि माझ्याकडे २००६ सालची ऑक्टेव्हिया आरएस आहे. १.८ लिटरचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले तिचे टर्बो पेट्रोल इंजिन अजूनही जोमाने ओढते. परंतु हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवल्यावर गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वर-खाली होते ती) आणि काही व्हॉल्व्हचे स्टेम (दांडी) बरेच झिजलेले आढळले आहेत. गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली असल्याने यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दुरुस्ती कोणत्या पद्धतीने करावी याबद्दल मात्र येथील दोन कारागिरांची मते परस्परविरुद्ध आहेत. म्हणून हेडचे काम ज्यांनी स्वतः केले आहे, अशा जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे.

आधी लक्षणे सांगतो. जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना गाडी बराच वेळ गियरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेल्या स्थितीत असते. घाट संपल्यावर गोव्यातील साखळी गावाच्या बाजूला पुन्हा वेग घेतला की मागे निळा धूर दिसतो आणि थोड्या वेळाने तो नाहीसा होतो. पाय काढलेला असताना इनलेट मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) मोठी पोकळी (व्हॅक्यूम) निर्माण होते आणि ती हेडवरचे ऑइल सैल गाईडमधून खाली खेचते. हे ऑइल सिलिंडरमध्ये जळते, त्याचाच हा धूर. सपाट महामार्गावर, म्हणजे निपाणीपर्यंत एका वेगाने गेल्यास, धूर जवळजवळ दिसत नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ आले. लीक-डाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहताना) ऑइल भरण्याच्या तोंडातून फारशी हवा आली नाही, मात्र दोन सिलिंडरमध्ये एक्झॉस्टच्या बाजूने फुसफुस स्पष्ट ऐकू आली. त्यामुळे पिस्टन-रिंगांपेक्षा हेडकडेच बोट जाते, असे मला वाटते. मागे एका गॅरेजात केवळ स्टेम सील (स्टेमवरून ऑइल खाली जाऊ न देणारे कडे) बदलून दिले होते. काही महिने धूर थांबला आणि मग पूर्ववत सुरू झाला. स्टेम गाईडमध्ये आडवा हलत असेल, तर नवे सीलही त्या हलण्याने लवकर रुंदावते. म्हणून केवळ सिलांवर पुन्हा खर्च करण्याची माझी इच्छा नाही.

मोजमापे अशी आहेत. इनलेट स्टेमचा न झिजलेला भाग ५.९६ मिलिमीटर भरतो आणि झिजलेल्या पट्ट्यात तो ५.९४ पर्यंत उतरला आहे. एक्झॉस्ट स्टेम ५.९४ वरून ५.९१ वर आला आहे. गाईडचे भोक स्मॉल होल गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजले. मध्यभागी ते सहा मिलिमीटरच्या आसपास आहे, पण दोन्ही टोकांना कर्ण्यासारखे पसरले आहे आणि एक्झॉस्टच्या खालच्या टोकाला काही गाईडमध्ये ६.१० पर्यंत गेले आहे. एरवी अशा स्टेमला एक्झॉस्टच्या बाजूला साधारण ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर एवढाच सैलपणा अपेक्षित असतो. एक्झॉस्टच्या सीटवर (व्हॉल्व्ह मिटल्यावर जिथे टेकतो त्या कड्यावर) जळका पट्टाही एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद आहे, म्हणजे व्हॉल्व्ह सरळ बसत नव्हता.

उद्यमबाग या येथील औद्योगिक भागातील एका अनुभवी कारागिरांचे म्हणणे असे की, जुने गाईड हेडमध्येच ठेवून त्यांचे भोक मोठे करावे आणि त्यात पातळ ब्राँझ लायनर (आतून बसवायची नळी) बसवावेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडमधील मूळ भोकाला हात लागत नाही. दुसरे कारागीर म्हणतात की वीसही गाईड काढून टाकावेत. ते लेथवर ब्राँझच्या दांड्यातून नवे गाईड तयार करून देण्यास तयार आहेत. दोघांचेही हात चांगले आहेत. शेतीच्या पंपांच्या आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांची कामे त्यांनी आयुष्यभर केली आहेत. परंतु या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे स्टेम पोकळ असून आत सोडियम आहे, आणि असे काम त्यांच्याकडे क्वचित येते.

ही सोडियमची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते आणि उरलेली स्टेममधून गाईडमध्ये. सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळते आणि पोकळीत वर-खाली उसळत राहून डोक्याकडची उष्णता स्टेमकडे नेते. म्हणजे अशा व्हॉल्व्हच्या गाईडवर नेहमीपेक्षा अधिक भार पडतो. मग मूळ लोखंडी गाईड आणि आत लायनर, अशा दोन थरांतून ती उष्णता नीट बाहेर पडेल का? आणि ब्राँझ कोणत्या जातीचे असावे? या दोन प्रश्नांवर कृपया सविस्तर लिहावे.

कोल्हापूरहून प्रतिसाद

नमस्कार. आपण मोजमापे दिली आहेत, त्यामुळे नेमके बोलता येते. माझ्या मते इनलेटला लायनर चालतील. एक्झॉस्टला मात्र नवे पूर्ण गाईडच घालावेत. लायनर बाहेरच्या गाईडला सगळीकडे घट्ट चिकटून बसला तर उष्णता जाते, पण भोक किंचित जरी वाकडे झाले तरी मध्ये फट राहते आणि ही चूक वरून दिसत नाही. इनलेट व्हॉल्व्ह ताज्या हवेने थंड होत असल्याने तिथे एवढा धोका नाही.

ब्राँझच्या बाबतीत कृपया कोणतीही तडजोड करू नका. बुशसाठी मिळणाऱ्या गनमेटलच्या काही जातींमध्ये शिसे असते आणि शिसे ३२७ अंशांवर वितळते. एक्झॉस्ट गाईडच्या खालच्या टोकाला असा धातू टिकणार नाही. फॉस्फर ब्राँझ किंवा गाईडसाठीच बनवलेले सिलिकॉनयुक्त ब्राँझ मागावे आणि पुरवठादाराकडून घटकांचा दाखला घ्यावा. बेळगावात फौंड्र्या पुष्कळ आहेत. तांब्याच्या मिश्रधातूंसाठी जुळवलेला स्पेक्ट्रोमीटर जिथे असेल, तिथे दांड्याचा एक तुकडा तपासून घेणे सहज शक्य आहे. त्याच मापाचे तयार गाईड मिळत असतील, तर लेथवर करण्यापेक्षा ते घ्यावेत.

जुने गाईड काढण्यापूर्वी खालच्या टोकावरचा कार्बन पूर्ण साफ करून घ्यावा. नाहीतर तोच कार्बन बाहेर येताना हेडचे भोक ओरबाडतो. गाईडला खांदा आहे का आणि तो कोणत्या बाजूला आहे, हेही आधी पाहावे. हेड भट्टीत सगळीकडून सारखे तापवावे, गॅसच्या ज्योतीने एकाच जागी नव्हे. सुमारे १०० ते १२० अंश पुरे होतात. गाईड थंड करून बसवावेत. बसल्यावर भोक किंचित आवळते, म्हणून अंतिम रीमिंग आणि होनिंग (भोक नेमक्या मापाला आणून गुळगुळीत करणे) त्यानंतरच करावे, आणि तेही प्रत्येक स्टेमचे माप घेऊन. सीट कापणे अगदी शेवटी, कारण नवा गाईड बसला की केंद्र सरकते आणि जुन्या सीटवर केवळ लॅपिंग (पेस्ट लावून घासणे) केल्याने ते जुळत नाही. आपल्या हेडमध्ये मधल्या इनलेटचा कोन बाजूच्या दोघांपेक्षा वेगळा आहे, त्यामुळे मशिनवर हेड प्रत्येक वेळी नव्याने लावावे लागेल. कारागिरांना याची कल्पना आधीच द्यावी.

जे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ०.०३ मिलिमीटर झिजले आहेत ते परत वापरू नयेत. ते फेस ग्राइंडरवर (व्हॉल्व्हची टेकणारी कड घासण्याच्या मशिनवर) धरूही नयेत आणि भंगारात टाकताना कोणी कापू नयेत. सोडियमचा पाण्याशी संबंध आला तर स्फोट होऊ शकतो. कारागिरांच्या हाताखालच्या पोरांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

निपाणीहून प्रतिसाद

कोल्हापूरच्या दादांशी मी सहमत आहे. दोनच गोष्टींची भर घालतो. या इंजिनात क्रँककेसच्या वायुवीजनाच्या नळ्या आणि त्यातील झडप तुंबते किंवा फुटते आणि तेव्हाही ऑइल इनलेटमध्ये जाते. हेड बाहेर आहेच, तर त्या नळ्या बदलून टाका. इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचले असेल, तर टर्बोचे शाफ्टही हलवून पाहा. दुसरे म्हणजे, सीट कापल्यावर व्हॉल्व्ह वर सरकतो आणि स्टेमचे टोक उंच येते. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि स्टेम यांच्यामधला, ऑइलच्या दाबाने फट भरून काढणारा भाग) ही उंची ठरावीक मर्यादेपर्यंतच सामावून घेतो. ती ओलांडली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि नवी सीट पुन्हा जळते. कंपनीच्या दुरुस्ती पुस्तकात हेडच्या वरच्या कडेपासून स्टेमच्या टोकापर्यंतचे किमान माप दिलेले असते. आधी तेवढे माप घ्या आणि मगच सीट किती कापायची ते ठरवा.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

आपणा दोघांचे मनापासून आभार. एक्झॉस्टचे आठही गाईड नवे आणि त्यांचे व्हॉल्व्हही नवे, तर इनलेटच्या बारा गाईडना लायनर, असे ठरवत आहे. उद्यमबागेतील कारागिरांशी आज बोललो. रीमिंगनंतर प्रत्येक गाईड तीन ठिकाणी मोजून कागदावर नोंदवून देण्यास ते आनंदाने तयार झाले. वायुवीजनाच्या नळ्या हाताने दाबल्यावर तडकल्या, म्हणून त्याही मागवल्या आहेत.

आता एकच अडचण उरते. त्यांच्याकडील सीट कापण्याच्या मशिनला सहा मिलिमीटर स्टेमसाठी पायलट (गाईडमध्ये घालून कटर सरळ धरणारी दांडी) नाही. सर्वांत बारीक पायलट सात मिलिमीटरचा आहे. निपाणी, कोल्हापूर किंवा हुबळी यांपैकी कोठेही सहा मिलिमीटरचा कार्बाइड पायलट आणि तीन कोन एकाच वेळी कापणारे कटर असलेले हेड शॉप आपल्या माहितीत असेल, तर कृपया कळवावे. गाईड बसवून झाल्यावर हेड नीट बांधून मी स्वतः तिथे घेऊन येईन.