न्यायमूर्तींचं दप्तर कुणाचं? लुईस पॉवेल यांच्या कागदांवरून चर्चा

घटनाप्रेमी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले व्हर्जिनियाचे न्यायमूर्ती लुईस पॉवेल (१९०७–१९९८) यांनी आपले खासगी आणि व्यावसायिक कागद लेक्सिंग्टनच्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाला देत असल्याचं १९८९ मध्ये जाहीर केलं. ते तिथलेच माजी विद्यार्थी. रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष, अमेरिकन बार असोसिएशनचे अध्यक्ष, बड्या कंपन्यांचे वकील आणि १९७२ ते १९८७ न्यायमूर्ती, एवढा सगळा पसारा एका छताखाली आला. त्यांच्या खटल्यांच्या फायली आज घरबसल्या वाचता येतात. त्याबद्दल त्यांचं कौतुक होतं, तेही रास्तच आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे कागद त्यांनी ‘दिले’, म्हणजे ते आधी त्यांच्या मालकीचे होते. १९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांचे कामकाजाचे कागद सरकारी झाले आणि १९८१ पासून तो अंमलात आला. न्यायमूर्ती मात्र त्यातून सुटले. न्यायालयात दाखल झालेली कागदपत्रं आणि निकाल सार्वजनिक, पण मसुदे, आपसातले मेमो आणि बंद खोलीतल्या बैठकीची टिपणं न्यायमूर्तीच्या घरची. त्याने ती दान करावीत, माळ्यावर टाकावीत नाहीतर जाळावीत, विचारणारं कोणी नाही. सरकारी पगारावर, सरकारी क्लार्ककडून (म्हणजे न्यायमूर्तींच्या तरुण वकील-मदतनीसाकडून), सरकारी कागदावर तयार झालेली फाईल खासगी कशी? माझं मत सरळ आहे: खटल्याची फाईल सरकारी अभिलेखागारात आणि घरची पत्रं घरच्यांकडे. तसा कायदाच हवा.

शंकेखोर

पूर्ण असहमत. असा कायदा झाला की फाईल सरकारजमा होईल, पण आत काही सापडणार नाही.

ह्यूगो ब्लॅक यांचं उदाहरण घ्या. अलाबामाचे, सर्वोच्च न्यायालयात ३४ वर्षं. १९७१ मध्ये मृत्यूच्या आधी त्यांनी मुलाकरवी बैठकीची टिपणं जाळून घेतली. बाकीचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेस या सरकारी ग्रंथालयात आहेत, पण आतला गाभा गेला. लिहिलेलं आपल्या हातात राहणार नाही हे आधीच ठाऊक असतं, तर तो माणूस लिहायलाच बसला नसता. मेमोऐवजी फोन आणि टिपणाऐवजी मान डोलावणं. पॉवेल यांनी इतकं जपलं, कारण कुणाला, कधी आणि कोणत्या अटींवर द्यायचं हे त्यांच्या हातात होतं.

दुसरं, न्यायमूर्तीच्या टेबलावरचा कागद कुणाचा हे संसदेने ठरवायचं? न्यायालयाची स्वायत्तता मग निकालपत्रापुरतीच उरायची.

घटनाप्रेमी

‘त्यांच्या हातात होतं’ याचा परिणाम बघा. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल २४ जानेवारी १९९३ ला गेले आणि त्यांचे कागद लगेच खुले झाले. हॅरी ब्लॅकमन यांचे बरोबर पाच वर्षांनी, ४ मार्च २००४ ला. डेव्हिड सूटर यांनी मृत्यूनंतर ५० वर्षांची अट घातली. ते २०२५ मध्ये गेले, म्हणजे उघडणार २०७५ मध्ये. एकाच न्यायालयाला तीन कुलपं, आणि किल्ली तीन वेगवेगळ्या माणसांच्या लहरीवर.

शिवाय यातलं कुठलंही कुलूप खरं कुलूप नाही. एक न्यायमूर्ती मेमो फिरवतो तेव्हा आठ सहकाऱ्यांकडे त्याची प्रत जाते. मॅक्लेस्की खटल्यात (१९८७) जॉर्जियातल्या फाशीच्या शिक्षांमधल्या वर्णभेदाची आकडेवारी न्यायालयापुढे होती. त्यावर ६ जानेवारी १९८७ ला न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी सहकाऱ्यांना मेमो पाठवला: ज्यूरीच्या निर्णयात वर्णाधारित सहानुभूती आणि राग नकळत काम करतात हे त्यांना मान्य होतं, ते मुळातून काढता येत नाही असंही त्यांचं म्हणणं होतं. जाहीर निकालात यातलं अक्षरही नाही. हा मेमो जगाला कळला तो मार्शल यांच्या पेटीतून, आणि तेव्हा स्कॅलिया न्यायालयातच बसले होते. म्हणजे नऊ जणांचं गुपित किती दिवस टिकणार, हे त्यांच्यातला सर्वांत उदार माणूस कधी मरतो यावर ठरतं. त्यापेक्षा सर्वांना एकच मुदत बरी नाही का?

शंकेखोर

मार्शल प्रकरणाचा पुढचा भाग सांगायचा राहिला. वर्तमानपत्रांत ते कागद झळकले तेव्हा सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी ते ठेवणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला कडक पत्र लिहिलं: यापुढे आम्हाला आमचे कागद दुसरीकडे ठेवण्याचा विचार करावा लागेल. सूटर यांचे कागद पुढे न्यू हॅम्पशायरच्या इतिहास संस्थेकडे गेले. जबरदस्तीने उघडाल तर ही पळवाट आणखी रुंद होईल.

पेटीदार

दोघेही मालकीवर भांडताय. ‘खटल्याची फाईल इकडे, घरचं तिकडे’ ही वाटणी अभिलेखागाराच्या टेबलावर करून बघा म्हणजे कळेल. ती होत नाही.

एका खटल्याच्या फाईलमध्ये साधारण काय असतं? सुनावणीला घ्यावा का यावरचा मेमो (चार मतं पडली की खटला दाखल होतो), मग सुनावणीच्या तयारीसाठी क्लार्कने लिहिलेला बेंच मेमो, तोंडी युक्तिवादाची टिपणं, बैठकीत कोण काय म्हणालं याची हस्तलिखित नोंद, निकालाचे छापील मसुदे एकामागून एक आणि ‘मला सहभागी धरा’ अशा एका ओळीच्या चिठ्ठ्या. इथवर व्यावसायिक. पण त्याच फोल्डरमध्ये जुन्या मित्राचं खटल्यावरचं पत्र असतं, वर्तमानपत्राचं कात्रण असतं आणि मेमोच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला शेरा असतो. आता समास कुठल्या पेटीत टाकणार?

अभिलेखशास्त्राचा पहिला नियम: कागद ज्याच्याकडून आले त्याच्याच नावाने आणि त्याने लावलेल्या क्रमानेच ठेवायचे. शेजारचा कागद हाही पुरावाच असतो.

पॉवेल यांच्या बाबतीत तर ही वाटणी घातक ठरेल. १९५२ ते १९६१ ते रिचमंड शाळा मंडळाचे अध्यक्ष होते, त्यानंतर राज्याच्या शिक्षण मंडळावर. १९७३ मध्ये गोऱ्या-काळ्या मुलांची विभागणी मोडण्यासाठी रिचमंडच्या शाळा शेजारच्या दोन काउंट्यांच्या शाळांशी जोडण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. पॉवेल यांनी त्यात भाग घेतला नाही, मतं ४–४ पडली आणि खालचा निकाल, म्हणजे जोडणीला नकार, कायम राहिला. एका माणसाच्या नागरी कारकिर्दीने असा निकाल ठरवला. त्याच वर्षी शाळांच्या निधीवरच्या रॉड्रिगेझ खटल्यात त्यांनी ५–४ बहुमताचं निकालपत्र लिहिलं आणि स्थानिक शाळा मंडळांच्या अधिकारावर भर दिला. शाळा मंडळाच्या अध्यक्षाचे कागद एका शहरात आणि न्यायमूर्तीचे दुसऱ्या शहरात असते, तर हा धागा जोडायला संशोधकाला किती हेलपाटे पडले असते?

कडू_बदाम

‘नागरी कारकीर्द’ हे शब्द जरा जपून वापरा. पॉवेल यांनी १९६१ मध्ये मंडळ सोडलं तेव्हा रिचमंडच्या सुमारे २३,००० कृष्णवर्णीय मुलांपैकी गोऱ्यांबरोबर शिकणारी होती फक्त २. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवण्यापेक्षा शाळाच बंद पाडायच्या राजकारणाला त्यांनी विरोध केला हे खरं, पण तो बंद दाराआड. प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५९ ते १९६४ सरकारी शाळांना टाळं होतं, तिथला अतिरेक रिचमंडमध्ये झाला नाही एवढंच श्रेय द्या.

आणि देणगीदाराचे कागद त्याच्याच विद्यापीठात, त्याच्या गौरवाच्या वातावरणात ठेवले की निवड, मांडणी आणि प्रदर्शन सगळं आरतीच्या सुरात होतं. म्हणून घटनाप्रेमींना माझा अर्धा पाठिंबा: त्रयस्थ सरकारी संस्थाच हवी.

शंकेखोर

आरतीचा सूर असता तर २३ ऑगस्ट १९७१ चा मेमो दडवला असता ना? अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्ससाठी लिहिलेला, ३४ पानी: उद्योगजगताने विद्यापीठं, प्रसारमाध्यमं आणि न्यायालयांत आपलं वजन संघटितपणे वापरावं असं सुचवणारा. दोन महिन्यांत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांचं नाव न्यायालयासाठी पुढे केलं आणि सिनेटपुढे हा कागद आलाच नाही. १९७२ च्या सप्टेंबरात पत्रकार जॅक अँडरसन यांनी तो फोडला. पॉवेल यांच्यावर सर्वाधिक टीका ज्या कागदावरून होते, तोच हे विद्यापीठ स्वतःहून वाचायला देतं.

आणि सरकारी म्हणजे सुरक्षित हाही भ्रमच. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या कागदांतली हजारावर पानं खुद्द लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वाचनकक्षातून चोरीला गेली, १९७२ मध्ये ते उघडकीला आलं.

कडू_बदाम

दडवला नाही कारण आधीच फुटला होता. फुटलेला कागद दाखवण्यात कसलं औदार्य?

वकीलसाहेब

वाटणीवर पेटीदारांशी सहमत, पण एका वर्गासाठी अपवाद करावाच लागेल: वकिलीच्या काळातले अशिलांचे कागद. पॉवेल रिचमंडच्या मोठ्या फर्ममध्ये भागीदार होते. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं अशिलाच्या मृत्यूनंतरही गोपनीय राहतं, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्विडलर अँड बर्लिन खटल्यात जून १९९८ मध्ये ६–३ ने ठरवलं. हा हक्क अशिलाचा आहे, वकिलाचा नाही. त्यामुळे दानपत्रावर न्यायमूर्तींनी सही केली तरी या फायली खुल्या करण्याचा अधिकार त्यांनाच नव्हता. त्या फर्मकडे परत गेल्या पाहिजेत, नाहीतर संग्रहातच वेगळ्या बंद मालिकेत, म्हणजे कागदांच्या वेगळ्या गटात.

दानपत्रात चार गोष्टी नसल्या की पुढे हमखास भांडण होतं: मालकी कधी जाते (मृत्यूनंतर की लगेच), कुठली मालिका किती वर्षं बंद, कॉपीराइट कुणाचा, आणि जास्तीच्या प्रतींचं काय करायचं. मार्शल यांच्या दानपत्रात मृत्यूनंतर प्रवेश लायब्ररीच्या विवेकावर सोडला होता आणि ‘गंभीर संशोधन करणारे’ असे शब्द होते. पत्रकार गंभीर संशोधक आहे का, यावरच सगळा गदारोळ झाला. घटनाप्रेमींच्या कायद्यातही असे शब्द शिरणारच.

कराचाही मुद्दा आहे. १९६९ च्या सुधारणेनंतर स्वतः लिहिलेले कागद दान करणाऱ्याला बाजारभावाची करसवलत मिळत नाही. त्यामुळे घाईने द्यायचं कारण उरलं नाही. दान रेंगाळतं ते बहुधा तत्त्वापेक्षा अशा गोष्टींमुळे!

पेटीदार

‘जास्तीच्या प्रती’ निघाल्या म्हणून सांगतो, इथेच सर्वांत मोठं नुकसान होतं. १९७२ मध्ये पॉवेल यांच्याच सूचनेवरून काही न्यायमूर्तींनी सुनावणीसाठी येणाऱ्या अर्जांची छाननी एकत्र करायला घेतली: एका क्लार्कचा मेमो सहभागी असलेल्या सगळ्यांकडे जायचा. टाइप केलेला मजकूर सगळ्यांच्या पेट्यांत तोच असतो. जागा वाचवायला कोणी म्हणेल, इतर संग्रहांत आहे, टाकून द्या. पण समासातला शेरा फक्त याच प्रतीवर असतो. मजकूर सारखा असला तरी प्रत्येक पान उलटल्याशिवाय एकही प्रत बाद करायची नाही.

बाकी प्रत्यक्ष कामात काय बिघडतं ते बघा. धातूच्या क्लिपा आणि टाचण्या गंजून कागदाला भोक पाडतात. रबर वितळून चिकटतं. पन्नास-साठच्या दशकांतल्या थर्मोफॅक्स प्रती उष्णतेने काळ्या पडतात, त्यांची आम्लरहित कागदावर छायाप्रत काढून मूळ वेगळं ठेवावं लागतं. वर्तमानपत्राचं कात्रण शेजारच्या पत्रावर तपकिरी छाप उमटवतं. एक घनफुटाचं खोकं आलं की त्यातून पाच इंची पेट्या साधारण तीन भरतात.

वेळेचं गणित: २००५ मध्ये ग्रीन आणि माइसनर या अभिलेखपालांनी सुचवलं की पानापानात न शिरता घनफुटाला सरासरी चार तासांत काम उरकावं, म्हणजे साचलेले ढीग वाचकांपर्यंत पोचतील. एखाद्या उद्योगाच्या हिशेबांना हे चालतं. न्यायमूर्तींच्या कागदांना नाही, निदान इंटरनेटवर टाकायचे असतील तर नाहीच. क्लार्कच्या नोकरीसाठीची शिफारसपत्रं, कुणाचं आजारपण, सोशल सिक्युरिटी क्रमांक कुठल्याही फोल्डरमध्ये निघू शकतात. वाचनकक्षात हे एक माणूस पाहतो, स्कॅन टाकल्यावर सर्च इंजिन पाहतं. पॉवेल संग्रहात खटल्यांच्या फायली आधी ऑनलाइन गेल्या, तोच क्रम शहाणपणाचा. वरून कॉपीराइट आहेच: सरकारी कामातल्या मसुद्यांना तो नसतो, पण आलेल्या पत्राचा हक्क ते लिहिणाऱ्याकडे राहतो. अप्रकाशित पत्र असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं.

शंकेखोर

एवढा खटाटोप करूनही कागद अपुरेच पडतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावरचा बॉवर्स खटला घ्या (१९८६). पॉवेल यांनी बैठकीत कायद्याविरुद्ध मत दिलं, नंतर फिरवलं आणि निकाल ५–४ ने कायद्याच्या बाजूने लागला. का फिरवलं? १९९० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांसमोर कबूल केलं की बहुधा आपलं चुकलं. मॅक्लेस्कीत फाशी कायम ठेवणारं आपलं मत बदलावंसं वाटतं, हे त्यांनी चरित्रकाराला तोंडी सांगितलं. दोन्ही वेळा खरी गोष्ट फाईलबाहेर आली.

घटनाप्रेमी

पण पश्चात्ताप कशाचा, हे फाईलच सांगते. बॉवर्सची बैठक २ एप्रिलची, मत बदलल्याचा सहकाऱ्यांना गेलेला मेमो ८ एप्रिलचा. मधले सहा दिवस, क्लार्कचे मेमो आणि त्यांवरचे शेरे हे सगळं त्यात आहे. भाषणातलं एक वाक्य चार वर्षांनंतरचं असतं आणि माणूस तोवर स्वतःला समजावून मोकळा झालेला असतो. उलट उदाहरण रेन्क्विस्ट यांचं. १९५२ मध्ये क्लार्क असताना त्यांनी गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांचं समर्थन करणारा मेमो न्यायमूर्ती जॅक्सन यांच्यासाठी लिहिला. १९७१ च्या नेमणुकीवेळी तो बाहेर आला तेव्हा ते म्हणाले, ते मत जॅक्सन यांचं होतं. जॅक्सन १९५४ मध्येच वारले होते. कागद होता म्हणून निदान प्रश्न तरी विचारता आला.

मोडीवाचक

आपल्याकडे कागदांऐवजी आठवणींवर भागवल्याचं उदाहरण: जॉर्ज गॅडबॉइस या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात भारताच्या सर्वोच्च न्यायालयातल्या साठांहून अधिक आजी-माजी न्यायमूर्तींशी बोलून नोंदी ठेवल्या. त्यांवरचं पुस्तक मुंबईच्या अभिनव चंद्रचूड यांनी २०१८ मध्ये आणलं. नेमणुका आणि आपसातले हेवेदावे यांची मोलाची माहिती मिळाली, पण मुलाखतीतून ‘तिसऱ्या मसुद्यात हा परिच्छेद का गाळला’ हे कसं कळणार? घटनाप्रेमींच्या कायद्याच्या बाजूने माझं मत, फक्त घरच्या पत्रांची फाळणी नको.

घटनाप्रेमी

मग मसुदा असा करू: दप्तर एकसंध आणि न्यायमूर्ती निवडेल त्या संस्थेत. अशिलांच्या फायली बाहेर. खटल्याचे कागद नष्ट करायला बंदी. त्या खटल्याला बसलेल्यांपैकी शेवटचा न्यायमूर्ती निवृत्त झाल्यावर दहा वर्षांनी खटल्याच्या फायली खुल्या.

शंकेखोर

बंदी मोडली हे कळणार कसं? जळालेल्या टिपणाची यादी कोण ठेवणार?

पेटीदार

प्रत्येक सत्र संपलं की चेंबरमधून फोल्डरांची यादी घ्यायची. फक्त खटल्याचं नाव आणि फोल्डरची जाडी इंचांत. मजकुराला हात लावायचा नाही. तीस वर्षांनी त्याच नावाचा अर्धा इंच फोल्डर पातळ आला, तर विचारायला जागा राहते.

शंकेखोर

आणि न्यायमूर्ती टिपणं फोल्डरऐवजी घरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू लागले, तर तुमची इंचपट्टी ड्रॉवरपर्यंत नेणार का?