मदत हवी आहे: जुन्या व्हिडिओ गेम मशीनच्या भागांना नेमकं काय म्हणतात?

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडचं गेम पार्लर बंद झाल्यापासून त्यातलं एक मशीन पार्लरवाल्या काकांच्या मांगरात पडून होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी ते मला दिलं. म्हणाले, "घेवन जा, पण पाटची फळी उघडू नको, ट्यूब शॉक मारता."

याच मशीनवर मी आणि माझा धाकटा भाऊ रुपया टाकून मुस्तफा खेळायचो. (कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. पण त्या नावाने आपल्याकडे कोणी ओळखायचं नाही.) भाऊ गणपतीला घरी येतोय. तोवर मशीन चालू करायचंच आहे.

मी अडलोय तो शब्दांवर. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात फोन केला, तर त्यांनी विचारलं, "हार्नेस जामा आहे का?" मला उत्तरच देता येईना.

नाण्याच्या दारातून टॉर्च मारून पाहिलं. हिरवा बोर्ड एका लांब सॉकेटात बसवलाय, त्याच्या बाजूला अजून एक सॉकेट रिकामा आहे. तो कशाचा? मशीन पाच मिनिटं लावून बघितलं. चित्र आलं, पण वरच्या कोपऱ्यात जांभळा डाग आहे, आणि गेम मध्येच बंद पडून पहिल्यापासून सुरू होतो. डावीकडचं उडीचं बटण चालत नाही. प्लायच्या कडेची काळी पट्टीही सुटली आहे. या सगळ्याला काय म्हणतात आणि सुरुवात कुठून करू?

खाजणकाठ:
काकांचं ऐका, हे पहिलं. चित्राच्या ट्यूबच्या (पिक्चर ट्यूबच्या) वरच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहतो. तो उतरवण्याला डिस्चार्ज म्हणतात. हे काम जुन्या टीव्ही मेकॅनिककडूनच करून घ्या.

आता जामा. जपानमधल्या गेम मशीन उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास ठरवलेली ही जोडणी. बोर्डाच्या कडेला दोन्ही बाजूंनी २८-२८ असे ५६ संपर्क मोजा. तेवढे भरले तर बहुतेक जामाच. त्यातूनच वीज, चित्र, आवाज, नाणं, हँडल, बटणं सगळं जातं. त्या सॉकेटापासून निघालेला वायरींचा झुबका म्हणजे हार्नेस. जामात दोनच खेळाडूंची सोय आहे आणि मुस्तफा मुळात तिघांचा गेम. तुमचा रिकामा सॉकेट बहुधा तिसऱ्याचा असावा. तसाच राहू द्या.

गेम पुन्हा सुरू होतो त्याचा संशय मला बोर्डाला लागणाऱ्या ५ व्होल्टवर आहे. मल्टिमीटर सप्लायवर (बोर्डाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) न लावता बोर्डावरच लावा. ४.७५ च्या खाली आकडा गेला की बोर्ड धड चालत नाही. आपल्या खाऱ्या हवेत कडेच्या संपर्कांवर गंज चढतो आणि दाब तिथेच गळतो. मशीन बंद करून बोर्ड काढा, कडा पांढऱ्या खोडरबराने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सप्लायचा स्क्रू फिरवायचा तो त्यानंतरच, नाहीतर गंज तसाच राहून दाब वाढवत बसाल.

फणसाची फळी:
जांभळा डाग म्हणजे ट्यूबमधली जाळी चुंबकित झाली आहे. तो काढायला डीगॉस करतात. त्याची कॉइल टीव्ही मेकॅनिककडे मिळेल. जुन्या गेमचं चित्र काचेवर कायमचं उमटलेलं दिसलं तर ते बर्न-इन. ते मात्र जात नाही. चित्र थरथरत असेल तर 'कॅप किट' मागा, म्हणजे मॉनिटरच्या सर्किटातल्या कपॅसिटरचा पूर्ण संच.

बटणाखाली मायक्रोस्विच असतो. तेवढाच बदला, बटण टाकू नका. कडेच्या पट्टीला टी-मोल्डिंग म्हणतात, ती प्लायच्या जाडीप्रमाणे मिळते. आणि बोर्डावर छोटी बॅटरी आहे का बघा. अस्सल मुस्तफात ती असते आणि ती संपली की गेम सुरूच होत नाही. हौशी लोक तिला सुसाइड बॅटरी म्हणतात. बॅटरी नसेल तर तुमचा बोर्ड बूटलेग, म्हणजे नकली, असण्याची शक्यता जास्त. पार्लरवाल्यांकडे असेच बोर्ड असायचे.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. बॅटरी नाही. संपर्क मोजले, बरोबर ५६. बोर्डावर ४.६ मिळत होते. कडा घासल्यावर हिरवट गंज निघाला, खोडरबर काळा झाला, आणि आता ४.९ मिळतात. काल संध्याकाळी अर्धा तास मशीन लावलं, एकदाही बंद पडलं नाही. मायक्रोस्विच उजवीकडच्या तिसऱ्या बटणाचा काढून डावीकडे लावला, कारण मुस्तफाला दोनच बटणं लागतात. मेकॅनिक रविवारी येतोय.

आता शेवटचं. खालची प्लाय पाणी पिऊन फुगली आहे, त्यामुळे टी-मोल्डिंगची खाच बुजली आहे. ती वाळवून पुन्हा कापता येईल, की खालचा तुकडाच मरीन प्लायचा नवा जोडावा? पावसात वाळवायला जागा फक्त चुलीमागची आहे.